हाताचं बीपी ११०/७०, ईएफ ६० टक्के, तरी हार्ट फेल? फुफ्फुसातलं प्रेशर आणि उजवं हृदय

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५८ वर्षांची, राहायला मालवण तालुक्यात, मुलगा मुंबईत. गेले काही महिने आईला चालताना दम लागतोय, संध्याकाळी पाय सुजतात, जेवण जात नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर रिपोर्टात सिव्हिअर पल्मनरी हायपरटेन्शन (फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांत वाढलेलं प्रेशर), आरव्हीएसपी (उजव्या पंपाचं वरचं प्रेशर) ६२, उजवीकडचे दोन्ही कप्पे मोठे झालेले, ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह (उजवीकडच्या दोन कप्प्यांमधली झडप) सिव्हिअर लीक, आणि एलव्हीईएफ (डावा पंप भरलेल्यातलं किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर टाकतो तो आकडा) ६० टक्के. डॉक्टर म्हणाले हार्ट फेल्युअर आहे. मुलगा विचारतोय की हाताचं बीपी ११०/७०, ईएफ नॉर्मल, मग हार्ट फेल आलं कुठून? ओळखीतल्या एकाला सिल्डेनाफिल (फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) चालू आहे, ती आईला चालू करू का? आणि तिला मुंबईला आणू का?

मी बरीच वर्षं सिंधुदुर्गात मेडिसिनची प्रॅक्टिस करते आणि हा गोंधळ अगदी शिकलेल्या घरांतसुद्धा होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी हे डोक्यात पक्कं करा की हाताला पट्टा बांधून जे बीपी मोजतात त्याचा फुफ्फुसातल्या बीपीशी थेट संबंध नाही. हृदयात दोन पंप शेजारी शेजारी आहेत. डावा सगळ्या शरीराला रक्त देतो, त्याचं प्रेशर म्हणजे ते १२०/८०. उजवा शरीरातून आलेलं रक्त फक्त फुफ्फुसात ढकलतो. दोघांतून मिनिटाला रक्त जातं तेवढंच, साधारण ५ लिटर, पण फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या एवढ्या मोकळ्या आणि एवढ्या संख्येने आहेत की तिथं सरासरी १४-१५ मिमी पाऱ्याच्या प्रेशरमध्ये काम भागतं. सरासरी २० च्या वर गेलं की आता त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात, काही वर्षांपूर्वीपर्यंत ही रेघ २५ वर होती. काम हलकं म्हणून उजव्या वेंट्रिकलची (रक्त ढकलणाऱ्या कप्प्याची) भिंतही पातळ, ३-४ मिमी, डाव्याची साधारण १० मिमी. विहिरीशेजारच्या माडांना पाणी द्यायला छोटा पंप बसवलेला असतो ना, त्यालाच पाइप जोडून वर सड्यावरच्या कलमांना पाणी चढवायला लावलं तर जे होईल ते या उजव्या वेंट्रिकलचं होतं. पंपात दोष नव्हता, त्याच्यासमोरची चढण वाढली.

ही चढण का वाढते ते पुढे येतंच, पण एक आकडा बघा. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तिच्यातला विरोध दुप्पट नाही, १६ पट होतो. म्हणून फुफ्फुसातल्या बारीक धमन्यांच्या भिंती थोड्या जाड झाल्या तरी फरक मोठा पडतो. पण फुफ्फुसाकडे राखीव एवढं आहे की एक अख्खं फुफ्फुस ऑपरेशनने काढलं आणि दुसरं निरोगी असेल तर बसल्याजागी प्रेशर फारसं वाढत नाही. म्हणजे ज्या दिवशी इकोत प्रेशर वाढलेलं दिसतं त्या दिवशी आतलं नुकसान बरंच जुनं झालेलं असतं, आणि म्हणूनच पेशंट उशिरा येतात. आमच्याकडे बायका आधी वर्षभर ‘वय झालं’ म्हणतात, मग विहिरीवरून कळशी आणायचं बंद करतात, मग घाटी चढायचं बंद, मग देवळात जायचं बंद, आणि मग कोणीतरी चाकरमानी गणपतीला घरी येतो आणि म्हणतो आई एवढी कशी काय थकली. रोज बघणाऱ्याच्या ते लक्षातच येत नाही.

आता हार्ट फेल होतं कसं ते बघू. चढण हळूहळू वाढली तर उजवं वेंट्रिकल पहिल्यांदा हुशारीने वागतं, स्नायू जाड करतं आणि जोर वाढवतं, काही पेशंटमध्ये हा काळ वर्षानुवर्षं चालतो. (अचानक वाढली, म्हणजे पायातली मोठी गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊन बसली, तर त्याला ही सवड मिळत नाही, सवय नसलेलं उजवं वेंट्रिकल सरासरी ४० च्या वर प्रेशर तयारच करू शकत नाही आणि माणूस कोसळतो.) पण स्नायू जाड झाला की त्याला रक्त जास्त लागतं, आणि गंमत अशी की पुरवठा त्याच वेळी कमी व्हायला लागतो. एरवी उजव्या वेंट्रिकलला स्वतःच्या कोरोनरीतून (हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या धमनीतून) आकुंचन पावताना आणि सैल पडताना दोन्ही वेळा रक्त मिळतं, कारण आतलं प्रेशर कमी असतं. आतलं प्रेशर ६०-७० वर गेलं आणि हाताचं बीपी १०० च्या आसपास राहिलं की तो फरकच घटतो आणि स्नायू उपाशी राहतो. मग तो सैल पडतो, कप्पा फुगतो, कप्पा फुगला की ट्रायकस्पिड व्हॉल्व्हच्या पडद्या एकमेकींना टेकत नाहीत, व्हॉल्व्ह लीक होतो, रक्त पुढे जायच्या ऐवजी परत मागे येतं, कप्पा आणखी फुगतो. तुमच्या रिपोर्टातली ‘सिव्हिअर टीआर’ (ट्रायकस्पिडची लीक) ती हीच, बहुतेक वेळा व्हॉल्व्ह मुळात खराब नसतो.

मागे तुंबलेलं रक्त कुठे जाणार? मानेच्या शिरा फुगतात, लिव्हर फुगतं, पाय सुजतात, पुढे पोटात पाणी होतं. जेवण न जाणं, दोन घासांत पोट भरल्यासारखं होणं, उजव्या बरगडीखाली जड वाटणं, हे लिव्हर आणि आतड्यांना आलेल्या सुजेमुळे. असे किती पेशंट आधी ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन, काही तर बिलीरुबिन थोडं वाढलं म्हणून कावीळ समजून झाडपाल्याचं औषध घेऊन मग माझ्याकडे येतात. किडनीतूनही रक्त बाहेर पडायला अडतं, त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा रक्तातला आकडा) वाढतं आणि घरचे म्हणतात औषधांनी किडनी गेली, खरं तर बऱ्याचदा तुंबलेलं पाणी काढल्यावर तेच क्रिएटिनिन खाली येतं.

आता तुमचा ईएफचा प्रश्न, आणि तो खरंच चांगला आहे. इकोत ईएफ म्हणून जी टक्केवारी लिहितात ती डाव्या वेंट्रिकलची. उजव्याचं काम त्यात मोजलेलं नाही, त्यासाठी टॅप्सी नावाचा आकडा बघा, १७ मिमीपेक्षा कमी असेल तर उजवं वेंट्रिकल थकलंय. आणि डाव्याचंसुद्धा ६० टक्के म्हणजे सगळं आलबेल असं नाही. दोन वेंट्रिकलमध्ये भिंत एकच आहे. उजवीकडे प्रेशर वाढलं की ती भिंत डावीकडे सरकते, डावा कप्पा दाबला जातो, त्यात फुफ्फुसातून येणारं रक्तच कमी, त्यामुळे तो पूर्ण भरत नाही. समजा ११० मिली भरायचा तिथे ६५ च भरला, तर ६० टक्के म्हणजे ६६ च्या ऐवजी ३९ मिली बाहेर पडलं. टक्केवारी तीच राहिली पण शरीराला निम्म्याहून थोडंच जास्त रक्त मिळालं. चढ चढताना डोळ्यासमोर अंधारी येते, काही जण चक्क पडतात, ती यामुळे. म्हणून डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणाले ते बरोबर आहे, आणि हाताचं बीपी ११० असणं हा दिलासा नाही.

आरव्हीएसपी ६२ हा आकडा कसा येतो तेही सांगते म्हणजे तुम्ही त्याच्यामागे फार धावणार नाही. ट्रायकस्पिडमधून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग डॉप्लरने मोजतात, त्याचा वर्ग करून ४ ने गुणतात, आणि उजव्या एट्रियमचं (वेंट्रिकलच्या आधीच्या, रक्त घेणाऱ्या कप्प्याचं) अंदाजे प्रेशर मिळवतात. वेग सेकंदाला ३.६ मीटर असेल तर साधारण ५२, अधिक १० म्हणजे ६२. हा अंदाज आहे, ५-१० इकडेतिकडे होतोच, एका सेंटरला ६२ आणि दुसऱ्याला ५५ आलं म्हणून औषध लागू पडलं असं समजू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी प्रत्येक नातेवाइकाला दोनदा सांगते: हा आकडा कमी होणं नेहमी चांगलं नसतं. प्रेशर तयार करायला पंपात दम लागतो. उजवं वेंट्रिकल पार थकलं की आकडा ८० वरून ५५ वर येतो आणि घरचे पेढे वाटतात, पण पेशंटची सूज वाढलेली असते, लघवी कमी झालेली असते, वेंट्रिकल हरत चाललेलं असतं. आकडा एकटा कधीच वाचायचा नाही. पेशंट किती चालतो, वजन किती, टॅप्सी किती, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) किती, सगळं शेजारी ठेवून वाचायचं. नक्की प्रेशर समजायचं तर कॅथलॅबमध्ये शिरेतून नळी टाकूनच. जर्मनीत वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने १९२९ मध्ये स्वतःच्याच हातातल्या शिरेतून अशी नळी हृदयापर्यंत नेली होती, पुढे कूर्नां आणि रिचर्ड्‌स या डॉक्टरांनी तिचा वापर मोजमापासाठी बसवला आणि १९५६ चं नोबेल तिघांना मिळालं. आज अनुभवी हातात ही तपासणी बरीच सुरक्षित आहे, घाबरून नाही म्हणू नका.

आता मूळ मुद्द्यावर येते, चढण वाढली का. तुमच्या आईच्या बाबतीत पुढचं सगळं यावर ठरणार आहे आणि तुमच्या प्रश्नात नेमकं हेच नाहीये. रिपोर्टात ‘सिव्हिअर पल्मनरी हायपरटेन्शन’ लिहिलं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही.

सगळ्यात कॉमन कारण डावीकडचं हृदय. डावीकडे रक्त पुढे सरकलं नाही तर ते मागे फुफ्फुसात तुंबतं आणि प्रेशर मागे मागे जात उजवीकडे पोचतं. जुनं हायब्लडप्रेशर, डायबेटिस, कडक झालेलं वेंट्रिकल ज्यात ईएफ नॉर्मलच असतो, आणि आपल्याकडे अजूनही दिसणारा मायट्रल व्हॉल्व्ह (डावीकडच्या दोन कप्प्यांमधली झडप) अरुंद होण्याचा आजार. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, तो संधिवाताचा ताप कोणी लक्षात ठेवत नाही आणि वीस-तीस वर्षांनी बाईला धाप लागते, बऱ्याचदा बाळंतपणात पहिल्यांदा. हे मी मुद्दाम लिहितेय कारण हा बरा करता येण्यासारखा प्रकार आहे, व्हॉल्व्ह योग्य असेल तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन तो मोकळा करतात आणि फुफ्फुसातलं प्रेशर बऱ्याचदा चांगलंच उतरतं. रिपोर्टात मायट्रल व्हॉल्व्हबद्दल काय लिहिलंय आणि लेफ्ट एट्रियम किती मोठं आहे ते बघा. एट्रियम मोठं असेल तर कारण डावीकडे असण्याची शक्यता खूप वाढते.

दुसरं कारण फुफ्फुस, आणि इथं मला कोकणातल्या घराबद्दल बोलायचंच आहे. शरीराला एक चांगली सवय आहे, फुफ्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी तिथली रक्तवाहिनी आकुंचन पावते म्हणजे रक्त चांगल्या भागाकडे वळतं, फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी हे १९४६ मध्ये दाखवलं. पण सगळ्याच फुफ्फुसात ऑक्सिजन कमी असेल तर सगळ्याच वाहिन्या आकुंचन पावतात आणि प्रेशर चढतं. मी विचारते, चूल आहे का, तर उत्तर येतं नाही हो, गॅस आहे. मग विचारते, आंघोळीचं पाणी कशावर तापतं? तेव्हा कळतं न्हाणीची चूल रोज पहाटे पेटते, त्यात सोडणं, करवंट्या, चुडतं, पातेरा, पावसात ओली लाकडं. वर उकड्या तांदळाचं भात उकडायचं ते तासन्‌तास धुरात उभं राहून. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बाईला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) होतो तो असा. आईला दम कधीपासून, खोकला आहे का, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर किती येतं, हे बघा. बसल्याजागी ८८ किंवा त्याखाली राहत असेल तर घरी ऑक्सिजन, तोही दिवसाला किमान १५ तास, हे या गटातलं खरं औषध आहे. दम लागला की पंधरा मिनिटं लावून काढून ठेवायचा असा ऑक्सिजन इथे कामाचा नाही. घोरणं जास्त, दिवसा पेंग येते, वजन जास्त, असं असेल तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची) तपासणीही करा.

तिसरं कारण जुन्या गुठळ्या, आणि हे सगळ्यात जास्त सुटतं. पायाला प्लास्टर, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, एका पायाला आलेली सूज, यानंतर गुठळी फुफ्फुसात जाते आणि काहींमध्ये ती विरघळत नाही, वाहिनीच्या भिंतीला चिकटून कडक होते. साध्या एक्स-रेत दिसत नाही, व्हीक्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे कुठे पोचतं ते दाखवणारा) लागतो. सापडलं तर आयुष्यभर रक्त पातळ करायची औषधं, आणि योग्य पेशंटमध्ये ऑपरेशनने त्या गुठळ्या सोलून काढतात, काही वेळा फुग्याने वाहिन्या उघडतात. पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये मुळासकट बरं होण्याची शक्यता असलेलं हे एक कारण, म्हणून स्कॅन न करता ‘कारण सापडत नाही’ असं कोणी म्हटलं तर थांबा आणि स्कॅनचं विचारा.

उरलेल्यांत जन्मतः हृदयात छिद्र, स्क्लेरोडर्मासारखे कातडी कडक करणारे आजार (थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, कातडी ताठ झालीय का), एचआयव्ही, लिव्हरचा जुना आजार, आणि काहींत खरंच बारीक धमन्यांचाच आजार, जो कधी कधी घराण्यात असतो. तरुण मुलीला धाप लागते आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल म्हणून ‘टेन्शन घेते’ असं म्हणून सोडतात, तिचा इको करा अशी माझी हात जोडून विनंती आहे, कारण या आजारात गरोदरपण जिवावर बेतू शकतं आणि ते लग्नाआधी कळायला हवं.

आता सिल्डेनाफिल. तुमच्या ओळखीच्यांना ती बहुतेक त्या शेवटच्या गटासाठी असेल, तिथं ती आणि टाडालाफिल, बोसेंटन, ॲम्ब्रिसेंटन, मॅसिटेंटन ही खरंच उपयोगी औषधं आहेत. पण आईचं कारण डावीकडे असेल तर ही गोळी फुफ्फुसाची वाट मोकळी करून जास्त रक्त आत सोडते, पुढचा दरवाजा बंदच, मग फुफ्फुसात पाणी भरू शकतं. सीओपीडी असेल तर खराब भागातही रक्त जायला लागतं आणि ऑक्सिजन आणखी पडू शकतो. आणि घरात छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असेल तर या दोन गोळ्या एकत्र म्हणजे बीपी धाडकन खाली, जीव जाऊ शकतो. त्यामुळे कारण कळेपर्यंत दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी नको. हाताच्या बीपीची अम्लोडिपिनसारखी गोळीही फुफ्फुसाच्या बीपीला म्हणून स्वतःहून वाढवू नका.

कारण शोधेपर्यंत काय करायचं, तर अंगातलं जास्तीचं पाणी काढायचं. डॉक्टरांनी टोर्सेमाइड किंवा फ्रुसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन दिलं असेल तर ते नियमित, सोबत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासत. रोज सकाळी लघवी करून, काही खायच्या आधी वजन, वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, सूज दिसायची वाट बघायची नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे सगळं मिळून एक लहान चमचा, आणि आपल्याकडे भाजीतलं मीठ कमी करून भागत नाही हे लक्षात घ्या. पावसात पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा, जवळ्याची चटणी, सोडे, खारातली कैरी, पापड, सगळं मिठातच मुरलेलं. ताजी मासळी खुशाल खाऊ दे, सुकी बंद. पहिले काही दिवस ती चिडेल, जेवणाला चव नाही म्हणेल, कोकम, ओलं खोबरं, तिरफळ, लिंबू यांवर भागवा.

अशक्तपणा आला म्हणून सलाईन लावून घेऊ नका. हे मी जरा कडकपणे सांगते कारण गावात ‘दोन बाटल्या चढवा’ हा हट्ट घरच्यांचाच असतो, आणि फुगलेल्या उजव्या वेंट्रिकलला अर्धा-एक लिटर खारं पाणी म्हणजे सूज, पोटात पाणी आणि पुढची ॲडमिशन. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलर पण बंद, त्या पाणी आणि मीठ धरून ठेवतात आणि किडनीला त्रास देतात. उलट मे महिन्याच्या उकाड्यात जुलाब-उलट्या झाल्या, चक्कर यायला लागली, तर लघवीच्या गोळीचा डोस डॉक्टरांना विचारून कमी करावा लागतो.

बसल्याजागी दम, ओठ निळे, चक्कर येऊन पडणं, थुंकीतून रक्त, लघवी खूप कमी, किंवा अचानक एकाच पायाला सूज, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल.

मुंबईला आणायचं का? कॅथलॅब आणि व्हीक्यू स्कॅनसाठी मोठ्या ठिकाणी जावंच लागेल. मालवणहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं आणि सिंधुदुर्गातले खूप पेशंट तिकडेच जातात, तुमचं घर मुंबईत असेल तर परळचं केईएम आहेच, जिथे पुढचे फॉलोअप जमतील ते ठिकाण निवडा आणि मधेच बदलू नका. मात्र आधी इथेच पाणी उतरवून, वजन स्थिर झाल्यावर प्रवास. रात्रभर बसमध्ये पाय लोंबत ठेवून नको, कोकण रेल्वेने आणा, खालचा आणि बाथरूमजवळचा बर्थ, तासा-दीड तासाने दोन पावलं चालवा. प्रवासात लघवीला जावं लागेल म्हणून आमच्या बायका त्या दिवशीची गोळी सरळ चुकवतात आणि उतरताना फुगलेल्या असतात. गाडी दुपारनंतरची घ्या आणि गोळी सकाळी लवकर द्या म्हणजे जोर गाडीत बसायच्या आधी ओसरतो. पिशवीत इकोची पूर्ण शीट (फक्त शेवटची ओळ नाही), ईसीजी, जुने एक्स-रे, हिमोग्लोबिन, थायरॉइड, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट, वजनाची वही आणि चालू गोळ्यांची पाकिटंच ठेवा.